घरच्या घरी हँड सॅनिटायझर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च २०२० मध्ये औषधांच्या दुकानांतून सॅनिटायझर एकाएकी नाहीसे झाले. केंद्र सरकारने त्याचा समावेश जीवनावश्यक वस्तूंमध्ये केला आणि २०० मिलीच्या बाटलीची कमाल किंमत १०० रुपये ठरवून दिली. राज्यातील साखर कारखान्यांच्या आसवन्याही त्या काळात सॅनिटायझर बनवू लागल्या. घरी सॅनिटायझर बनवण्याच्या अनेक कृती तेव्हाच घराघरांत पोहोचल्या. त्यांतील थोड्या बरोबर होत्या, बऱ्याच निरुपयोगी होत्या आणि काही सरळसरळ धोक्याच्या होत्या. त्या कृती आजही एकमेकांना पाठवल्या जातात, म्हणून नेहमी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत.

सॅनिटायझर घरी बनवण्याची गरज आहे का?

बहुतेक घरांना ती गरज नाही. घरात नळाला पाणी आणि साबणाची वडी असेल, तर हात धुण्याइतके खात्रीचे दुसरे काही नाही. तयार सॅनिटायझरही आता सहज मिळते आणि त्यातील अल्कोहोलचे प्रमाण छापलेले असते. तरीही काही जणांना घरी बनवावेसे वाटण्याची कारणे खरी असतात. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची सेवा करताना दिवसातून तीस-चाळीस वेळा हात स्वच्छ करावे लागतात, बाजारातील सुगंधी द्रवाने एखाद्याच्या हाताला खाज सुटते, किंवा प्रवासात पाण्याची सोय नसते. अशांनी ते जरूर बनवावे, पण त्यासाठी एक अट पाळावी. हातात असलेले अल्कोहोल कोणते आहे आणि ते किती टक्के आहे, हे बाटलीवर स्पष्ट लिहिलेले नसेल, तर त्या दिवशी काही बनवू नये आणि साबणच वापरावा.

अल्कोहोल नेमके काय करते, आणि ते शंभर टक्के असले तर अधिक चांगले नाही का?

जिवाणूंच्या आणि विषाणूंच्या रचनेत प्रथिने असतात आणि करोनासारख्या अनेक विषाणूंभोवती स्निग्ध पदार्थाचे आवरण असते. अल्कोहोल हे आवरण विरघळवते आणि प्रथिनांची घडी मोडते. ही घडी मोडण्याच्या कामात पाण्याचा वाटा असतो, त्यामुळे अगदी निर्जल अल्कोहोल पाणी मिसळलेल्या अल्कोहोलपेक्षा कमी परिणामकारक ठरते. शिवाय ते हातावरून इतक्या झटपट उडून जाते की जंतूंना मारायला वेळच उरत नाही. उलट प्रमाण ६० टक्क्यांच्या खाली गेले की परिणाम वेगाने घटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या दोन सूत्रांपैकी पहिल्यात इथेनॉल, म्हणजे दारूत असते ते अल्कोहोल, ८० टक्के आणि दुसऱ्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल ७५ टक्के ठेवले आहे. या लेखातील अल्कोहोलची सर्व टक्केवारी आकारमानाची आहे, वजनाची नाही. हा फरक किरकोळ नाही, कारण आकारमानाने ७० टक्के असलेले इथेनॉल वजनाने सुमारे ६२ टक्केच भरते. लेबल वाचताना टक्केवारी कशाची आहे, हे अवश्य पाहावे.

कोणते अल्कोहोल घ्यावे?

घरगुती वापरासाठी ९९ टक्के किंवा त्याहून शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल सर्वांत सोयीचे असते. मोबाइल दुरुस्त करणारे कारागीर त्यालाच आयपीए म्हणतात. ते औषधांच्या किंवा प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानातून, उत्पादकाचे नाव, शुद्धता आणि बॅच क्रमांक छापलेल्या बंद बाटलीतच घ्यावे. सुटे, डब्यातून ओतून दिलेले घेऊ नये. ९५ किंवा ९६ टक्के इथेनॉल, म्हणजे रेक्टिफाइड स्पिरिट, उत्तमच असते. मात्र महाराष्ट्रात त्याची खरेदी आणि साठा राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्यांच्या कक्षेत येतो, त्यामुळे घरगुती कामासाठी त्याच्या मागे लागू नये.

रंगाच्या दुकानात मिळणारे पॉलिशचे स्पिरिट, थिनर किंवा जाळण्याचे स्पिरिट कधीही वापरू नये. ते पिण्यायोग्य राहू नये म्हणून त्यात मुद्दाम मिथेनॉल मिसळलेले असू शकते, आणि मिथेनॉल हे विष आहे.

मिथेनॉल इतके घातक का मानतात? ते फक्त हातालाच तर लावायचे असते.

मिथेनॉल त्वचेतूनही शरीरात जाते आणि त्याची वाफ श्वासातूनही जाते. यकृतात त्याचे फॉर्माल्डिहाइड आणि पुढे फॉर्मिक आम्ल होते. हे आम्ल डोळ्यांच्या मज्जातंतूला इजा करते आणि रक्ताची आम्लता धोकादायक पातळीपर्यंत वाढवते. या विषाची मोठी फसवणूक अशी की सुरुवातीला माणूस जवळजवळ ठीक दिसतो. डोकेदुखी, उलट्या, पोटात दुखणे, धूसर दिसणे किंवा डोळ्यांसमोर पांढरे धुके पसरल्यासारखे वाटणे ही लक्षणे कधी बारा, तर कधी चोवीस तासांनी उमटतात. तोपर्यंत बराच उशीर झालेला असू शकतो. २०२० च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मिथेनॉल आढळलेल्या सॅनिटायझरची यादीच जाहीर केली आणि ती पुढे लांबत गेली. जुलै २०२० च्या अखेरीस आंध्र प्रदेशातील प्रकाशम जिल्ह्यात आणि एप्रिल २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे टाळेबंदीत दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर प्यायलेल्या लोकांचे मृत्यू झाले. घरात व्यसनाधीन व्यक्ती असेल, तर मोठी बाटली बनवून ठेवण्याचा विचारही करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. सॅनिटायझर पोटात गेल्याची शंका आली, तरी लक्षणांची वाट न पाहता बाटलीसकट रुग्णालय गाठावे. तेथे मिथेनॉलवर उतारा देता येतो, घरी देता येत नाही.

अर्धा लिटर सॅनिटायझरसाठी नेमके प्रमाण काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या दुसऱ्या, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या, सूत्राचा हिशेब अर्ध्या लिटरला पुढीलप्रमाणे बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल ९९ टक्के असेल, तर ३८० मिली घ्यावे. हायड्रोजन पेरॉक्साइड ३ टक्क्यांचे असेल, तर २१ मिली घ्यावे. येथे एक सूचना मला फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडील औषधांच्या दुकानात हायड्रोजन पेरॉक्साइड बहुधा ६ टक्क्यांचे, म्हणजे २० व्हॉल्यूमचे मिळते. तसे असेल, तर त्याच्या निम्मे, म्हणजे साधारण साडेदहा मिलीच घ्यावे. परदेशी कृतीतील आकडा जसाच्या तसा उचलला की नेमकी येथे चूक होते. ग्लिसरीन ७ मिली पुरते. मग उकळून पूर्ण गार केलेले किंवा डिस्टिल्ड पाणी घालून एकूण द्रव ५०० मिलीच्या खुणेपर्यंत आणावा.

‘खुणेपर्यंत’ हा शब्द जपून वापरला आहे. अल्कोहोल आणि पाणी एकत्र आल्यावर एकूण आकारमान थोडे कमी होते. म्हणून पाणी वेगळे मोजून ओतण्यापेक्षा मोजपात्रातील खुणेपर्यंत भरणे अचूक ठरते.

मोजण्यासाठी स्वयंपाकघरातील वाट्या आणि पेले वापरू नयेत. एका घरातील वाटी दुसऱ्या घरातील वाटीएवढी नसते, आणि येथे पाच-दहा टक्क्यांची चूक म्हणजे उपयोगी आणि निरुपयोगी यांतील अंतर असू शकते. खुणा असलेले अर्ध्या लिटरचे मोजपात्र आणि सुई नसलेली दहा मिलीची सिरिंज एवढ्यात काम भागते. ही भांडी मग स्वयंपाकात परत नेऊ नयेत.

मिसळण्याचा क्रम आणि जागा कशी असावी?

खिडक्या उघड्या असलेली, पंख्याखाली नसलेली आणि गॅसच्या शेगडीपासून दूर असलेली जागा निवडावी. देव्हाऱ्यात समई किंवा उदबत्ती पेटती असेल, तर ती शांत होईपर्यंत थांबावे. आधी मोजपात्रात अल्कोहोल घ्यावे, त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड आणि मग ग्लिसरीन घालावे. ग्लिसरीन चिकट असल्यामुळे सिरिंजला लागून राहते, म्हणून सिरिंज त्याच पाण्याने दोन वेळा विसळून ते पाणी मोजपात्रातच घालावे. शेवटी खुणेपर्यंत पाणी भरून स्वच्छ काचेच्या किंवा प्लास्टिकच्या दांडीने ढवळावे आणि नरसाळ्याने बाटल्यांत भरून झाकण लगेच घट्ट लावावे.

भरलेल्या बाटल्या ७२ तास न उघडता ठेवाव्यात. अल्कोहोल जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे प्रतिकूल स्थितीतही तग धरणारी त्यांची सुप्त रूपे, मारत नाही. बाटलीत किंवा पाण्यात असे बीजाणू राहिले असतील, तर हायड्रोजन पेरॉक्साइड त्यांचा नाश करते आणि त्याला तेवढा वेळ लागतो. हायड्रोजन पेरॉक्साइड या सूत्रात हातांसाठी नसून बाटलीतील द्रव निर्दोष राहावा म्हणून आहे, हे समजले की ते वाढवून घालण्याचा मोहही होत नाही.

माझ्याकडे फक्त ७० टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल आहे. चालेल का?

चालेल, आणि त्याचे काम सर्वांत सोपे आहे. अर्ध्या लिटरच्या बाटलीतून ७ मिली काढून तेवढेच ग्लिसरीन घालावे. प्रमाण सुमारे ६९ टक्के राहते. त्यात पाणी, गुलाबजल किंवा कोरफडीचा गर, काहीही घालू नये.

कोरफडीचा गर घातलेले जेल चांगले, असे सर्वत्र सांगितले जाते. ते खरे आहे का?

हिशेब करून पाहिले की उत्तर मिळते. दोन भाग अल्कोहोल आणि एक भाग गर ही प्रचलित कृती ९९ टक्के अल्कोहोल घेऊन केली, तर मिश्रण सुमारे ६६ टक्के होते, म्हणजे कसेबसे चालेल असे. मात्र तीच कृती दुकानातील ७० टक्क्यांच्या बाटलीने केली, तर सुमारे ४७ टक्केच उरते आणि ते सॅनिटायझर राहत नाही. बहुतेक घरांत हीच दुसरी कृती केली जाते, आणि वापरणाऱ्याला मात्र आपण सुरक्षित आहोत असे वाटत राहते. कुंडीतील कोरफडीचा ताजा गर तर मुळीच घालू नये. त्यात माती आणि जंतू असतात, त्याचे तंतू तळाशी बसतात आणि द्रव नासतो. हात मऊ राहावेत हा उद्देश ग्लिसरीनने पूर्ण होतो.

द्रव जेलसारखा घट्ट असलाच पाहिजे, ही समजूतही सोडून द्यावी. जेल हातातून गळत नाही, एवढाच त्याचा फायदा आहे. जंतू मारण्याचे काम पातळ द्रवही तितक्याच नीट करतो.

दारू, व्हिनेगर, लिंबू, कडुनिंबाचा काढा किंवा तुरटीचे पाणी यांनी काम भागेल का?

भागणार नाही. आपल्याकडे मिळणाऱ्या व्हिस्की, रम आणि व्होडका यांत अल्कोहोल ४२.८ टक्के असते, आणि बाटलीबंद काजू फेणीतही साधारण तेवढेच. त्यापासून ६० टक्क्यांचे मिश्रण होऊच शकत नाही, कारण त्यात जे काही घालू त्याने प्रमाण आणखी उतरते. व्हिनेगर आणि लिंबू यांची आम्लता या कामाला पुरेशी नाही. लिंबाच्या रसाने उन्हात त्वचेवर डाग आणि फोडही येऊ शकतात. कडुनिंबाबद्दल आपल्या मनात आदर आहे आणि तो योग्यच आहे, पण त्याच्या काढ्याने अर्ध्या मिनिटात हात निर्जंतुक होतात असे मानून रुग्णाजवळ जाऊ नये. तुरटी गढूळ पाण्यातील गाळ खाली बसवते. हातावरच्या जंतूंसाठी तिचा भरवसा धरू नये.

फरशीचे फिनाइल किंवा ब्लीच पातळ करून हाताला लावले तर?

कधीही लावू नये. ब्लीच आणि अल्कोहोल एकत्र आल्यास क्लोरोफॉर्मसह विषारी पदार्थ तयार होतात, त्यामुळे ही दोन्ही एकाच भांड्यात येता कामा नयेत. ब्लीचच्या रिकाम्या बाटलीत सॅनिटायझर भरणे हीदेखील तीच चूक आहे.

आगीचा धोका खरोखर किती आहे?

लोक मानतात त्यापेक्षा पुष्कळ जास्त. ज्या तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते, ते या दोन्ही सूत्रांसाठी १७ ते १९ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. नागपूर किंवा जळगावच्या मे महिन्याचे सोडाच, पुण्यातील हिवाळ्याच्या दुपारीही ते ओलांडलेले असते. म्हणजे आपल्या घरात हा द्रव जवळजवळ वर्षभर पेट घेण्याच्या अवस्थेतच असतो. अल्कोहोलची ज्योत फिकट निळसर असल्यामुळे उजेडात ती दिसतही नाही. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री देशभर दिवे लावायचे होते, तेव्हा दिवे लावण्यापूर्वी अल्कोहोलचे सॅनिटायझर वापरू नये आणि हात साबणाने धुवावेत, असे सरकारी यंत्रणांनी मुद्दाम कळवले होते. दिवाळीत फटाके उडवणाऱ्या मुलांच्या बाबतीत हीच काळजी दरवर्षी घ्यावी लागते. स्वयंपाकघरात सॅनिटायझर ठेवूच नये, आणि पोळ्या करण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. उन्हात उभ्या मोटारीत बाटली ठेवू नये. एका वेळी अर्ध्या लिटरपेक्षा जास्त बनवू नये. द्रव सांडला, तर विजेचे बटण चालू-बंद न करता खिडक्या उघडाव्यात आणि भरपूर पाण्याने पुसून घ्यावे.

बाटलीवर काय लिहावे?

मोठ्या अक्षरांत ‘सॅनिटायझर, पिऊ नये, आगीपासून दूर ठेवावे’ असे लिहावे. अल्कोहोलचे नाव, टक्केवारी आणि बनवल्याची तारीखही लिहावी. पाण्याची, सरबताची किंवा औषधाची जुनी बाटली वापरू नये. ही काळजी कोणाला अनावश्यक वाटत असेल, तर त्यांनी ३१ जानेवारी २०२१ ही तारीख आठवावी. त्या दिवशी यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात पाच वर्षांखालील बारा मुलांना पोलिओच्या डोसाऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले आणि त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. मुले बचावली, पण सरावलेल्या हातांकडूनही अशी अदलाबदल होऊ शकते, हे त्या दिवशी दिसले. घाईच्या घरात तर ती अधिकच संभवते.

लहान मुलांना वापरू द्यावे का?

मोठ्यांच्या देखरेखीखालीच वापरू द्यावे, आणि द्रव पूर्ण सुकेपर्यंत त्यांचे हात तोंडाकडे किंवा डोळ्यांकडे जाऊ देऊ नयेत. लहान मुलांच्या पोटात अल्कोहोल गेल्यास रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. रंग आणि गोड सुगंध मुलांना खुणावतात, म्हणून घरच्या सॅनिटायझरमध्ये ते घालू नयेत. डोळ्यांत गेल्यास पापण्या उघड्या धरून पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावे आणि डॉक्टरांना दाखवावे. पोटात गेल्यास उलटी करवण्याचा प्रयत्न न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

एका वेळी किती घ्यावे?

तळहाताचा खोलगट भाग भरेल इतके, साधारण ३ मिली घ्यावे. तळहात, हातांची पाठ, बोटांच्या बेचक्या, अंगठे आणि नखांची टोके या सर्व ठिकाणी वीस ते तीस सेकंद चोळावे आणि आपोआप सुकू द्यावे. दहा सेकंदांतच हात कोरडे झाले, तर द्रव कमी घेतला असे समजावे. रुमालाने किंवा पदराला पुसून टाकू नये. अंगठी आणि बांगड्यांखालची जागा हमखास राहून जाते, तिकडे लक्ष द्यावे.

सॅनिटायझर कशावर चालत नाही?

हात मातीने, तेलाने किंवा रक्ताने माखलेले असतील, तर ते जवळजवळ व्यर्थ जाते, कारण द्रव जंतूंपर्यंत पोहोचतच नाही. शेतात फवारणी केल्यावर हातावर राहिलेले कीटकनाशकही त्याने निघत नाही. जुलाब-उलट्यांना कारण होणाऱ्या नोरोव्हायरसवर अल्कोहोलचा परिणाम कमी होतो, आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूचे बीजाणू व क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी त्याला दाद देत नाहीत. म्हणून शौचानंतर, बाळाचे लंगोट बदलल्यानंतर, जेवणापूर्वी आणि घरात कोणाला जुलाब होत असताना साबण आणि पाणीच वापरावे. पालखीबरोबर चालणाऱ्या दिंड्यांमध्ये पावसाळ्यातील जुलाबाची भीती मोठी असते. तेथे हजार छोट्या सॅनिटायझरच्या बाटल्या वाटणाऱ्या दात्यांना मी नम्रपणे सुचवेन की त्याच पैशांत साबण आणि तोटीची पाण्याची पिंपे दिली, तर वारकऱ्यांचे अधिक भले होईल.

हात कोरडे पडून भेगा पडतात. काय करावे?

अर्ध्या लिटरला ७ मिली हे ग्लिसरीनचे प्रमाण वाढवून फार उपयोग होत नाही, कारण हात चिकट होतात आणि परिणामही घटू शकतो. त्यापेक्षा रात्री झोपताना हातांना खोबरेल तेल किंवा साधे मलम लावावे. साबणाने धुतल्यावर लगेच, हात ओले असताना सॅनिटायझर लावण्याची सवय सोडावी, कारण त्यामुळे त्वचेलाही त्रास होतो आणि अल्कोहोलही पातळ होते. भेगांतून रक्त येत असेल किंवा इसब असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

बनवलेले सॅनिटायझर खरे आहे की नाही, हे घरी तपासता येते का?

नीट तपासता येत नाही. कणकेत मिसळून ती भिजते का हे पाहणे, पेनाची शाई पसरते का हे पाहणे, या प्रचलित चाचण्यांनी अल्कोहोल आहे की नाही याचा फार तर अंदाज येतो. ते किती आहे आणि कोणते आहे, हे कळत नाही. पेटवून पाहणे तर अत्यंत धोक्याचे आहे, शिवाय मिथेनॉलही तसेच पेटते. घनतेवर चालणारा अल्कोहोलमापकही येथे साथ देत नाही, कारण इथेनॉल, मिथेनॉल आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल यांच्या घनता एकमेकींच्या अगदी जवळ आहेत. यांतील फरक प्रयोगशाळेतील गॅस क्रोमॅटोग्राफीच सांगू शकते. म्हणूनच बंद बाटली, छापलेली टक्केवारी आणि अचूक माप यांवर एवढा भर दिला आहे.

हे सूत्र कोणाचे आहे, आणि ते वापरण्यास परवानगी लागते का?

जिनिव्हा येथील विद्यापीठ रुग्णालयाचे डॉ. दिदिए पिते यांनी हातांसाठी अल्कोहोलच्या वापराचा पाठपुरावा केला आणि गरीब देशांतील रुग्णालयांना ते स्वतः बनवता यावे म्हणून सूत्र सर्वांसाठी खुले ठेवले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ते प्रसिद्ध केले. घरच्या वापरासाठी ते कोणीही वापरू शकतो. हे सूत्र प्रशिक्षित औषधनिर्मात्यांसाठी लिहिलेले आहे, हे मात्र विसरू नये.

बचत गटातर्फे बनवून विकता येईल का?

परवान्याशिवाय येणार नाही. विक्रीसाठी सॅनिटायझर बनवण्यास १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार उत्पादन परवाना लागतो आणि महाराष्ट्रात त्यासाठी अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज करावा लागतो. जुलै २०२० मध्ये केंद्राने जी सूट दिली, ती दुकानदारांच्या विक्री परवान्यापुरती होती. उत्पादनाला तिचा लाभ नाही. सोसायटीत शेजाऱ्यांना फुकट वाटण्यापूर्वीही विचार करावा, कारण एकदा बाटली दुसऱ्याच्या घरी गेली की ती कोठे ठेवली जाईल, हे आपल्या हातात राहत नाही.

किती दिवस टिकते, आणि उरलेल्याचे काय करावे?

झाकण घट्ट असेल आणि बाटली सावलीत असेल, तर घरच्या वापराचे सॅनिटायझर तीन-चार महिन्यांत संपवावे. झाकण सैल राहिल्यास पाण्यापेक्षा अल्कोहोल लवकर उडते आणि वास तोच राहिला, तरी जोर कमी झालेला असतो. द्रव गढूळ झाला, तळाशी काही साचले किंवा तारीख पुसली गेली, तर ते वापरू नये. थोडे असेल, तर भरपूर पाणी सोडत मोरीत ओतावे. त्या वेळी स्नानघरातील गिझर बंद असावा, विशेषतः तो गॅसवर चालणारा असेल तर, आणि मोरीत आधी ब्लीच किंवा ॲसिड टाकलेले नसावे. रिकामी बाटली तीन वेळा विसळून, लेबल फाडून मगच भंगारात द्यावी.